बिघडलेले आधण

माझ्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही आहे. २००१ साली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघालो, तेव्हा कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून मी अशा सहा वह्या विकत घेतल्या होत्या. त्यांपैकी पाच वह्यांत कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठात मी केलेल्या जीवरसायनशास्त्राच्या संशोधनाच्या नोंदी आहेत. त्या पाच वह्या मी पुन्हा कधी उघडल्या नाहीत. सहावी मात्र आजही वापरात आहे. तिची पाने संपली तेव्हा मी नवी पाने शिवून घेतली. तिच्या पुठ्ठ्यावर 'आधण' असे लिहिले आहे आणि पहिल्या पानावर एकच ओळ आहे : 'आधण क्रमांक १. ओतून दिले.'

आधण हा आमच्या गुऱ्हाळातला शब्द. उसाचा रस एकदा काहिलीत ओतला की तो आटून गूळ होईपर्यंतचे सगळे काम म्हणजे एक आधण. माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, पन्हाळा तालुक्यात गुऱ्हाळ होते. या वहीत मात्र गुळाचे एकही आधण नाही. घरी बीअर तयार करण्याच्या माझ्या प्रयत्नांची ती नोंदवही आहे. अशा प्रयत्नांची संख्या आज एकशे एकेचाळीस आहे आणि त्यांतील सव्वीस प्रयत्न पूर्णपणे फसलेले आहेत. या सव्वीस पानांविषयी मला लिहायचे आहे.

त्याआधी एका परीक्षेविषयी सांगायला हवे. डॉक्टरेटच्या मार्गावर तेथे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एक तोंडी परीक्षा असते. पाच प्राध्यापक, एक फळा आणि साधारण तीन तास. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज प्रबंधाचे काम पुढे जात नाही. मी आयुष्यात तोवर कोणत्याही परीक्षेत मागे राहिलो नव्हतो. एका वनस्पतीतून एक विकर शुद्ध स्वरूपात वेगळे करणे हे माझे काम होते. मी एकूण पन्नासेक प्रयोग केले होते. त्यांतले अकरा साधले होते आणि त्या अकरा प्रयोगांचे सुबक तक्ते मी फळ्यावर मांडले.

समितीतील सर्वांत वयोवृद्ध प्राध्यापकांनी विचारले, "उरलेल्या प्रयोगांनी तुम्हाला काय सांगितले?"

मी म्हणालो, "ते फसले."

"हो, पण कसे फसले?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या प्रयोगांच्या नळ्या मी त्याच दिवशी धुऊन टाकल्या होत्या. वहीत त्यांच्यापुढे तारीख आणि 'फसला' एवढा एक शब्द होता. पुढचा अर्धा तास पाचही जण त्या एका शब्दाभोवती फिरत राहिले आणि मी प्रत्येक वेळी माझ्या अकरा यशांकडे बोट दाखवत राहिलो. मला अनुत्तीर्ण ठरवण्यात आले. सहा महिन्यांनी दुसरी संधी मिळाली. या वेळी भीतीने जीभ अशी कोरडी पडली की जे येत होते तेही सांगता आले नाही. केवळ मास्टर्सची पदवी घेऊन मी विद्यापीठातून बाहेर पडलो आणि टोमॅटोवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. ही २००३ ची गोष्ट.

आबांना मी हे सांगितले नाही. दर रविवारी फोन होई. पलीकडून ते विचारीत, "अभ्यास काय म्हणतोय?" मी म्हणे, "चाललाय." हे 'चाललाय' मी दोन वर्षांहून अधिक काळ म्हणत राहिलो. फसवण्याचा हेतू होता असे म्हणवत नाही, पण हेतू नव्हता असे म्हणणेही खोटे ठरेल. आपल्याकडे 'नापास' हा शब्द परीक्षेला लावीत नाहीत, माणसाला लावतात. 'अमक्याचा मुलगा नापास आहे' असे म्हटले की त्या मुलाविषयी आणखी काही सांगण्याची गरज उरत नाही. तो शब्द गावात माझ्या नावापुढे लागेल, या कल्पनेनेच माझी झोप उडत असे.

त्या काळात मी ज्या गल्लीत राहत होतो तेथे शेजारी एक निवृत्त प्लंबर राहत. पत्नी वारलेली, मुले दूरच्या राज्यांत. ते आपल्या गॅरेजमध्ये बीअर करीत. एका शनिवारी त्या गॅरेजमधून उकळत्या गोड काढ्याचा वास आला आणि माझी पावले आपोआप तिकडे वळली. तो वास हुबेहूब आमच्या गुऱ्हाळाचा नव्हता, पण त्याच्या नात्यातला होता.

'बीअर' हा शब्द वाचून एखाद्या वाचकाच्या कपाळावर आठी उमटली, तर तिचे कारण मी जाणतो. माझा धाकटा चुलता दारूने गेला. आमच्या शेजारच्या गावात बायकांनी मतदान घडवून आणून 'आडवी बाटली' निवडून आणली, तेव्हा आबा त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. आपल्या राज्यात परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. अमेरिकेतही घरी बीअर करण्यास फार काळ परवानगी नव्हती. १९३३ साली तेथील दारूबंदी उठली, तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, पण बीअर त्या सवलतीतून राहून गेली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि पुढच्या वर्षीपासून प्रौढ माणसाला स्वतःपुरती बीअर घरी करता येऊ लागली. विक्री मात्र करता येत नाही. मी पितो ते थोडे, बहुधा मोजून एक पेला. माझा जीव जडला तो करण्यावर आणि केलेले नीट ओळखण्यावर.

करण्याची रीत थोडक्यात अशी. जवाला मोड आणून तो वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. हा माल्ट भरडून साधारण ६६-६७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवायचा. दाण्यातील विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. ज्या विकरांनी प्रयोगशाळेत मला दाद दिली नव्हती, त्यांचीच भावंडे येथे एका साध्या पातेल्यात निमूटपणे काम करीत होती. मग तो गोड काढा गाळून घ्यायचा, हॉप्स नावाच्या वेलीचा सुकवलेला फुलोरा कडवटपणासाठी आणि सुगंधासाठी घालून तासभर उकळायचा, झटपट निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. पुढचे काम यीस्टचे. ते साखर खाते, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. माणसाने भांडी स्वच्छ ठेवायची, तापमान सांभाळायचे आणि वाट पाहायची. एका वेळचे घरगुती आधण साधारण एकोणीस लिटरचे असते.

माझे पहिले आधण मी ऑगस्ट महिन्यात घातले. बाहेर चाळीस अंशांचे ऊन, खोलीतही तीस-बत्तीसच्या खाली पारा येईना. तीन आठवड्यांनी बाटली उघडली. एका घोटातच तोंड वाकडे झाले. मी सगळे ओतून दिले आणि वहीत ती एक ओळ लिहिली. शेजाऱ्यांना सांगितले, "बिघडली."

त्यांनी विचारले, "कशी बिघडली?"

तोच प्रश्न. मी चमकून पाहिले, पण त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव नव्हता. पाइप गळतो म्हणून बोलावल्यावर प्लंबर विचारतो, "कुठून गळतोय?", तसेच त्यांनी विचारले होते. वास कशाचा होता, घसा कोठे जळला, आधी की मागाहून, असे ते विचारत गेले. आठवून आठवून मी सांगितले की नखांना लावायच्या रंगासारखा वास होता आणि घोट गिळल्यावर घशात चटका बसला. ते म्हणाले, "मग यीस्टला उकडत होते. पुढच्या वेळी बादली पाण्याच्या टबात ठेव आणि ओले फडके गुंडाळ." एवढेच. बिघाडाला कारण होते, कारणाला उपाय होता आणि या सगळ्यात माझ्या लायकीचा प्रश्न कोठेच आला नव्हता.

दुसऱ्या आधणाला लोण्याचा वास आला. हा दोष मला फार बोलका वाटतो. डायअसिटिल नावाच्या द्रव्यामुळे तो वास येतो. हे द्रव्य आंबण्याच्या ओघात तयार होतेच, चांगल्या बीअरमध्येही होते, आणि शेवटच्या दिवसांत यीस्ट ते स्वतःच शोषून घेते. बुडबुडे थांबले की नवशिक्याला वाटते, काम संपले. तो बीअर काढून बाटल्या भरतो आणि यीस्टला आवराआवरीची संधीच मिळत नाही. मी नेमके तेच केले होते. वहीत लिहिले : 'आधण क्रमांक २. लोण्याचा वास. घाई.'

चौथे आधण आंबट झाले. प्लॅस्टिकच्या जुन्या नळीला आतून ओरखडे होते आणि त्यांत जिवाणूंनी घर केले होते. दरम्यान मी पुस्तके वाचू लागलो होतो. ब्रुसेल्सच्या आसपास, सेन नदीच्या खोऱ्यात, लँबिक नावाची बीअर होते. तेथे उकळलेला काढा उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवतात. हवेतील आणि लाकडी पिंपांतील रानटी यीस्ट व जिवाणू त्यात शिरतात आणि एक ते तीन वर्षे मुरल्यावर तिला जो आंबटपणा येतो, त्यासाठीच लोक ती आवडीने पितात. हे वाचून मला मोठा धीर आला. मी शेजाऱ्यांना म्हणालो, "ही बिघडलेली नाही, ही बेल्जियन पद्धतीची आहे." त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "तुला बेल्जियन करायची होती का?" मी नाही म्हणालो. "मग ही बिघडलेली आहे. नळी फेकून दे."

त्या उत्तराचे मोल मला पुढे कळले. अपयश झाकण्याच्या दोन वाटा असतात. एक, ते फेकून देणे. मी प्रयोगशाळेत तेच केले होते. दुसरी, त्याला यशाचे नाव देणे. 'जे होते ते बऱ्यासाठी' असे म्हणून आपण पुष्कळदा हेच करतो. दोन्ही वाटांनी गेले की नळी तशीच राहते.

त्याच सुमारास मला लुई पाश्चर नव्याने आठवला. १८५६ साली फ्रान्समधील लील शहरात बीटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे नासू लागली आणि त्याने पाश्चरची मदत मागितली. पाश्चरने चांगल्या पिंपातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तसाच नासलेल्या पिंपातीलही धरला. चांगल्यात यीस्टच्या गोलसर पेशी होत्या. नासलेल्यात बारीक काड्यांसारखे दुसरेच जीव होते. आंबणे हे सजीवांचे काम आहे आणि वेगळा जीव वेगळा पदार्थ घडवतो, या निष्कर्षाकडे तो पुढे गेला त्यात त्या नासलेल्या पिंपांचा वाटा मोठा होता. परीक्षेसाठी हे सारे मला पाठ होते. पाश्चरने नासलेल्या पिंपाकडे पाठ फिरवली नाही, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट मात्र मी वाचूनही वाचली नव्हती.

शेजारी कधीमधी न्यू अल्बियनची हकीकत सांगत. तरुणपणी त्यांनी ती बीअर प्यायली होती. जॅक मॅकऑलिफ हा अमेरिकी नौदलातला तंत्रज्ञ स्कॉटलंडमध्ये तैनात असताना तेथील गडद, भरदार चवीच्या बीअरच्या प्रेमात पडला. परतल्यावर १९७६ साली त्याने सोनोमा येथे दोन सहकारी स्त्रियांच्या साथीने 'न्यू अल्बियन ब्रुअरी' उभी केली. मोडीत निघालेली दुग्धालयांची भांडी त्याने स्वतः जोडून घेतली. त्या वेळी साऱ्या अमेरिकेत बीअरचे कारखाने शंभराहूनही कमी उरले होते आणि बहुतेक सगळे एकाच छापाची फिकी बीअर काढीत. न्यू अल्बियनच्या बीअरला मागणी होती, पण इतक्या लहान प्रमाणावर खर्च भागेना आणि वाढीसाठी भांडवल मिळेना. १९८२ साली कारखाना बंद पडला. सहा-सात वर्षांचा खेळ.

पण ज्यांनी तो कारखाना पाहिला होता, त्यांना एक गोष्ट समजली होती : चव बरोबर आहे, आकार चुकला आहे. केन ग्रॉसमन हा तरुण तेथे जाऊन सारे पाहून आला. त्याने १९८० साली चिको गावात सिएरा नेव्हाडा ही ब्रुअरी काढताना मोठी भांडी घेतली. न्यू अल्बियनची सामग्री हॉपलंड येथील नव्या ब्रुअरीत गेली. आज अमेरिकेत बीअरचे नऊ हजारांहून अधिक लहानमोठे कारखाने आहेत आणि त्यांचा इतिहास लिहिणारे पहिले पान सोनोमातील त्या बंद पडलेल्या कारखान्याला देतात. मी एकदा म्हणालो, "म्हणजे शेवटी तो जिंकलाच." शेजारी म्हणाले, "तो बुडाला. दुसरे त्यातून शिकले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरी पुसू नकोस." बुडालेल्या माणसाला दुसऱ्यांच्या शिकण्याने पैसे परत मिळत नाहीत, हे त्यांना सुचवायचे असावे. पुढे अनेक वर्षांनी एका मोठ्या ब्रुअरीने ती जुनी बीअर पुन्हा काढून नफा मॅकऑलिफला दिला. पण तोवर तीस वर्षे उलटून गेली होती.

नवव्या आधणाची बीअर मी भीत भीत घरगुती बीअरच्या एका स्पर्धेला पाठवली. महिनाभराने गुणपत्रिका आली. पन्नास गुण, त्यांची विभागणी ठरलेली : वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, जिभेवरील स्पर्शाला पाच आणि एकंदर परिणामाला दहा. मला मिळाले सव्वीस. पाकीट फोडताना हात थरथरत होते, हे कबूल करतो. परंतु त्या कागदावर गुणांची जागा लहान होती आणि शेऱ्यांची मोठी. ज्याने मला कधी पाहिले नव्हते अशा परीक्षकाने वळणदार अक्षरांत लिहिले होते की कडवटपणा उशिरा येतो आणि रेंगाळतो, पाण्यातील क्षार तपासून पाहा, माल्टची चव मात्र सुरेख उतरली आहे. आयुष्यातील पहिलीच गुणपत्रिका मी घडी करून लपवली नाही. ती वहीत चिकटवली.

२००६ च्या जानेवारीत मी गावी गेलो. आबांना सगळे सांगायचे असे ठरवूनच निघालो होतो. विमानात धीर यावा म्हणून ती वही जवळ ठेवली होती, पण घरी पोचल्यावर दोन दिवस तोंड उघडले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा ओसरीवर बसले होते. माझ्या पिशवीतून वही काढून, चष्मा लावून ती वाचत होते. पुठ्ठ्यावर 'आधण' हा शब्द पाहिल्यावर त्यांनी ती उघडली नसती तरच नवल.

"तिकडं गुऱ्हाळ कुठं काढलंस?" त्यांनी विचारले. "आणि गुळाला लोण्याचा वास कसा येईल?"

मग मी सांगितले. आधी बीअरचे, कारण ते सोपे होते. मग परीक्षेचे. मग दोन वर्षांच्या रविवारांचे. आबांनी वही मिटली आणि ओसरीच्या कडेला, स्वतःपासून दूर सरकवून ठेवली. त्यांच्या धाकट्या भावाचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. त्या दिवशी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवून गुऱ्हाळावर नेले. आदल्या वर्षीच्या जुलैत कोल्हापूर-सांगलीकडे मोठा पूर आला होता आणि नदीकाठचा ऊस कितीतरी दिवस पाण्यात उभा होता. अशा उसातील साखरेचे विघटन होते आणि त्याच्या रसाचा गूळ घट्ट बसत नाही. चुलवाणात चिपाडांचा जाळ होता. गुळव्या काहिलीवरची मळी काढत होता. आदल्या दिवशीचे एक आधण वाफ्यात तसेच मऊ पडले होते.

आबांनी विचारले, "तुझ्या परीक्षेत त्यांनी इचारलं काय?"

मी सांगितले.

"मग ते फसलेलं तू काय केलंतंस?"

"टाकून दिलं."

"तिथंच चुकलं बघ."

त्यांनी गुऱ्हाळाच्या भिंतीतील कोनाड्याकडे बोट केले. तेथे कागदात गुंडाळलेले, काळपट, चिकट असे गुळाचे लहान लहान खडे ओळीने ठेवले होते. ते मी लहानपणापासून पाहत होतो. मुंग्यांसाठी ठेवतात अशी माझी समजूत होती. प्रत्येक कागदावर शेताचे नाव आणि महिना होता. ज्या ज्या आधणाचा गूळ बसला नाही, त्याचा एक एक खडा आबा ठेवीत. कोणत्या रानाचा ऊस केव्हा तोडला तर फसतो, हे त्यांना त्या कोनाड्यावरून कळे. आदल्या दिवशीचा खडा त्यांनी गुळव्याला दाखवला. त्याच रानाच्या उसाचे पुढचे आधण गुळापर्यंत न्यायचेच नाही, असे दोघांनी ठरवले. रस आटून दाट झाला तसा तो लवकर उतरवला आणि त्याची काकवी केली. गुळाला जे मारक ठरते ते काकवीला चालते. काकवीने आधणाचा सगळा खर्च निघाला नाही, पण आधण वायाही गेले नाही.

परत येताना वाटेत आबा म्हणाले, "तू दारू करतोस ते मला पटलेलं न्हाई. वही मात्र चांगली ठेवलीयस." माझ्या खोट्याविषयी ते पुढे कधी बोलले नाहीत. मात्र रविवारच्या फोनवर 'अभ्यास काय म्हणतोय?' या प्रश्नाची जागा 'काय बिघडलं का ह्या आठवड्यात?' या प्रश्नाने घेतली. मी खरे ते सांगू लागलो.

अपयश ही यशाची पहिली पायरी असते, असे आपल्याला शाळेच्या भिंतीवर वाचायला मिळते. माझा अनुभव तसे सांगत नाही. मला डॉक्टरेट मिळाली नाही, ती आता मिळणारही नाही. सव्वीस आधणे नाल्यात गेली, त्यांतील काहींनी काही शिकवले, काहींनी काहीच नाही. अपयश आपोआप कोणतीही पायरी होत नाही. त्याच्याजवळ थांबावे लागते, त्याचा वास घ्यावा लागतो, त्याला नेमके नाव द्यावे लागते. 'मी नापास झालो' हे नाव नेमके नाही. 'फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी मी ठेवल्या नव्हत्या' हे नेमके आहे आणि त्यावर काही करता येते. आज मी खाद्यपदार्थांच्या गुणवत्ता-तपासणीचे काम करतो. परत आलेले, फुगलेले, आंबलेले डबे माझ्या टेबलावर येतात आणि त्यांचे काय बिनसले हे शोधणे हीच माझी नोकरी आहे. या कामात मला समाधान मिळते. ते डॉक्टरेटच्या बदल्यात मिळाले असे मात्र मी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

हा मजकूर वाचणाऱ्यांत नोकरी, संसार आणि शेती सांभाळून वयाच्या तिशी-चाळिशीत पुन्हा परीक्षेला बसलेले अनेक जण असतील. एखादा विषय राहिला, तर गुणपत्रिका घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवण्याची इच्छा मला परकी नाही. तिच्याशेजारी एक कोरा कागद ठेवावा आणि 'कसा राहिला?' एवढे त्यावर लिहावे, इतकेच सुचवतो.

आबा गेले, शेजारीही गेले. कोनाड्यातील खड्यांचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. गेल्या महिन्यात मी एकशे एकेचाळिसावे आधण घातले. तापमान बरोबर होते, नळी नवी होती, घाई केली नव्हती, तरी बीअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. वहीतील शेवटची नोंद अशी आहे : 'आधण क्रमांक १४१. ओल्या पुठ्ठ्याचा वास. कारण कळलेले नाही. एक बाटली ठेवली आहे.'

स्वाध्याय

१. 'कशी बिघडली?' हा प्रश्न या निबंधात कोणकोणत्या रूपांत पुन्हा येतो? प्रत्येक वेळी विचारणाऱ्याची भूमिका कशी वेगळी आहे ते लिहा.

२. अपयश झाकण्याच्या कोणत्या दोन वाटा लेखकाने सांगितल्या आहेत? आपल्या परिचयातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

३. गुऱ्हाळातील कोनाडा आणि लेखकाची वही यांतील साम्य विशद करा.

४. आपल्या व्यवसायात किंवा घरकामात फसलेल्या एखाद्या कामाचे, 'नापास' किंवा 'अपयश' हे शब्द न वापरता, पंधरा ओळींत वर्णन करा.